मिशीवाला

"म्हणजे कुलूप मिशीवाल्यानं लावलं, असंच तुम्ही पोलिसांना सांगितलंत ना?" वकिलानं विचारलं.

दुभाषी बाईंचे हात हलले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या मुलीनं मान डोलावली.

"आता जरा माझ्या अशिलाकडे बघा." वकील बाजूला सरकला. समोर कारखान्याचा मुकादम बसला होता. तुळतुळीत चेहरा. "आग लागली त्या दिवशीही यांना मिशी नव्हती. साहेबांच्या मिशा गेल्याला चार वर्षं झाली."

मागच्या बाकावरचे टेलर मास्तर पुढे झुकले. पिंजऱ्यात उभी होती ती त्यांची धाकटी, जन्मापासून न ऐकणारी. खोक्यांच्या कारखान्यात कामाला. सुट्टीआधी कोणी सटकू नये म्हणून मागच्या दाराला बाहेरून कुलूप लागलं, आत आग लागली, आणि तिच्या शेजारच्या टेबलावरची बाई त्या दारापाशीच जीवानिशी गेली. कुलूप लावणाऱ्याला पाहिलं होतं ते एकट्या हिनं, खिडकीतून.

मुलीनं बोट रोखलं. थेट मुकादमावर.

"हाच," दुभाषी बाई म्हणाल्या.

"आज कोणीही बोट दाखवील. आरोपीच्या जागेवर एकटेच तर बसलेत. पण जबाबात आहे मिशीवाला! मिशीवाले या खोलीत चार निघतील. हवालदारसाहेबांना आत टाकायचं का?"

हवालदाराचा हात आपसूक झुपकेदार मिशीकडे गेला. लोक हसले.

मुलगी हसली नाही. तिचे हात चालू लागले. मास्तरांना तिचं बोलणं दुभाषी बाईंच्या आधी कळत होतं. ते सावरून बसले.

"ती म्हणते, पोलिसांनी चुकीचं लिहिलं. ते वर्णन नाही, नाव आहे. कारखान्यात आम्ही पाच जणी न ऐकणाऱ्या. हा आला तेव्हा त्याला मिशी होती, म्हणून आम्ही ओठावर बोट फिरवून त्याचं नाव ठेवलं. पुढे त्यानं मिशी काढली. नाव कसं काढणार?"

"अर्थच लागू पडत नाही," वकील म्हणाला, "तर ते नाव कसलं?"

मुलीनं त्याच्या टेबलावरच्या फायलीकडे पाहिलं आणि पुन्हा हात उचलले. मास्तरांना खुदकन हसू फुटलं. बाकी कोणाला अजून काहीच कळलं नव्हतं. शेजारच्यानं त्यांच्याकडे चमकून पाहिलं.

"ती म्हणते, फायलीवर वकीलसाहेबांचं नाव वाचलं. त्याचा अर्थ होतो न हरणारा. आज साहेब हरले, तरी घरी त्यांना याच नावानं हाक मारतील."

आता सगळी खोली हसली. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं.

"त्या पाचांतली आणखी कोणी आलीय?"

"एक बाहेर बसलीय, मॅडम," दुभाषी बाई म्हणाल्या.

"आधी आरोपीला तिथून उठवा. लोकांत बसवा. मग तिला आत घ्या."

मुकादमाला आणून बसवलं ते नेमकं मास्तरांच्या शेजारी. मास्तरांना स्वतःची पांढरी मिशी आठवली.

ती बाई आत आली. दुभाषी बाईंनी ओठावर बोट फिरवलं आणि एवढंच विचारलं, कुठे?

बाईची नजर हवालदारावरून गेली. कोपऱ्यातल्या कारकुनावरून गेली. एकेक बाक करत मागे आली, मास्तरांच्या मिशीवर क्षणभर टेकली, आणि सरकली. तिनं बोट दाखवलं. मुकादम खाली बघत होता.

वकील उगाच कागद चाळत राहिला.

"लिहा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

टाइप करणाऱ्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "साक्षीदार मुलीने मिशीची खूण करून..."

"खोडा ते. साक्षीदाराने आरोपीचे नाव घेतले."

तो अडखळला. "पण मॅडम, नाव काय लिहू?"

"तिलाच विचारा."

दुभाषी बाईंनी विचारलं. मुलगी ताठ उभी राहिली. साऱ्या खोलीला दिसावं म्हणून तिनं हात उंच उचलला, सावकाश ओठाशी आणला आणि ते नाव घेतलं.

मास्तर कधी उभे राहिले, त्यांनाच कळलं नाही. हवालदारानं खाली बसायची खूण केली. मास्तर उभेच राहिले.