शेजारी बसल्यावर

शिक्षकांच्या मदतीला नेमलेली वाचन-मार्गदर्शक वर्गात आली, तशा बाई खडू ठेवून खुर्चीत बसल्या.

"सांगा, आमचं काय काय चुकतंय ते. घसा बसलाच आहे, आता नुसतं ऐकून घेते."

"सांगायला नाही आले, बाई. वर्ग मी सांभाळते. तुम्ही कुणाजवळ तरी निवांत बसा."

बाई पाय ओढत मागे गेल्या आणि कधीच न वाचणाऱ्या त्या अबोल मुलीशेजारी टेकल्या. मुलीने ओळीवर बोट ठेवलं. अडखळत, पुटपुटत, पण तिने सगळं पान बरोबर वाचलं.

"अगं, मग रोज विचारते तेव्हा गप्प का बसतेस?"

"गप्प नसते, बाई. पहिला शब्द जुळवत असते. तोवर तुम्ही पुढच्याला उठवता."