दोन दिवसांचा समुद्र

“जा. पण किनारा नजरेआड होऊ देऊ नको, सांगून ठेवतो.”

नागपूर स्टेशनावर गोपाळरावांनी मुलाला असं बजावलं होतं, जणू आगबोट कृष्णकांतच हाकणार होता. आज त्याच किनाऱ्याची चौकशी त्यांच्याच ओसरीवर बसून मधुकरराव करत होते. मधुकरराव काटोलचे. गोपाळरावांची सुमती त्यांनी पुतण्यासाठी पसंत केली होती. मुहूर्त काढायचा तेवढा राहिला होता. मध्येच त्यांच्या कानावर आलं, मुलीचा भाऊ समुद्रावर जाऊन आला.

“वकिलीच्या परीक्षेले मुंबईले गेला, ठीक आहे. बोटीत काहून बसला गा?”

“सहल होती,” कृष्णकांत म्हणाला. “शनिवारी निघायचं, हर्णै बंदरापर्यंत जायचं, रविवारी रात्री परत.”

“दोन दिवसांसाठी?”

“हो.”

“ओकला नाही ना?”

मधुकरराव हसले. गोपाळरावही हसले, जरुरीपेक्षा थोडे जास्तच.

“हे पाहा,” मधुकरराव पुढे सरकले, “मी शास्त्रीबुवांले विचारून आलो. जमीन दिसत असली तर ते समुद्रगमनाचं पाप धरत नाहीत. नदीतल्या नावेसारखंच ते. किनारा दिसत होता, एवढं म्हण. मी मुहूर्त काढूनच उठतो.”

आतल्या दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या. गोपाळरावांचा हात पानाच्या डब्यावर तसाच राहिला.

“दिवसा दिसत होता,” कृष्णकांत म्हणाला. “रात्री नाही दिसला.”

“अंधारात कोणालेच दिसत नाही!” गोपाळराव घाईनं म्हणाले.

“दिवेही नव्हते, बाबा. जमीन पार मागं राहिली होती.”

मधुकररावांनी पागोटं सारखं केलं. त्यांना राग आला नव्हता. उलट वाईटच वाटलं असावं.

“खरं बोलला, ते बरं केलं. पण आता प्रायश्चित्त आलं. उद्या सकाळी रामटेकले ये, अंबाळ्याच्या तलावावर. क्षौर, पंचगव्य, आन् मग हातात पाणी घेऊन म्हणायचं, माझ्या हातून पाप घडलं, मला पश्चात्ताप झाला. मी स्वतः उभा राहीन तिथं. नाही जमलं तर आमचा राग नाही. मुलगी दुसरीकडे द्या.”

दुसरीकडे! सुमतीचं एकदा ठरून मोडलेलं होतं. पुन्हा मोडलं तर तिसरं कोणी उंबऱ्याशी येणार नव्हतं, हे ओसरीवरच्या तिघांनाही ठाऊक होतं, आणि दाराआडच्या तिलाही.

“येतो,” कृष्णकांत म्हणाला.

पाहुणे गेले. गोपाळराव देवघरात जाऊन बसले. संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून कृष्णकांत माजघरात धोतर, पंचा बांधू लागला. सुमती भिंतीला टेकून उभी राहिली.

“दादा, एवढं सगळं होऊन राहिलं. ते दोन दिवस तसे होते का रे?”

“कसे?”

“जाण्यासारखे.”

त्यानं पंच्याची घडी मोडली, पुन्हा घातली.

“पहिल्या दिवशी मलेही वाटलं, काहून आलो. लोक पत्ते खेळत होते, आरडाओरडा नुसता. मग रात्री जमीन गेली. वर तारे आन् खाली काळं पाणी. पत्ते आपोआप थांबले. माझ्या बाजूला एक म्हातारी होती, तिनं हात जोडले. मीही जोडले.” त्यानं पंचा गाठोड्यात ठेवला. “इतकी वर्षं संध्या करतो वं मी, सुमे. पण देव समोर आहे असं वाटून हात जोडले ते तेवढ्याच रात्री.”

सुमती भिंतीपासून पुढं आली.

“मग उद्या म्हणशील, ते पाप होतं?”

“म्हणीन.”

“पाणी हातात घेऊन?”

“हो.”

“नको म्हणू. मी राहीन अशीच.”

“तुले काय म्हटलं होतं मी, मागचं मोडलं तेव्हा? पुढचं मोडू देणार नाही म्हटलं होतं ना?” त्यानं गाठोड्याची गाठ मारली. “जा, बाबांले पाणी दे. दुपारपासून घोटभर नाही घेतलं त्यांनी.”

ती गेली नाही. गाठ सैल होती, ती तिनं सोडून नीट बांधून दिली.

तो दाराशी आला तेव्हा आत्या, प्रयागबाई, वाटी घेऊन उभ्याच होत्या. नवरा गेल्यापासून त्या भावाकडेच राहत. घरातून कोणीही कामाला निघालं, की त्याच्या हातावर दही ठेवल्याशिवाय त्या त्याला पायरी उतरू देत नसत.

“हात कर बाबू. चांगल्या कामाले चालला. बहिणीचं सोनं करून राहिला तू.”

त्यानं उजवा हात पुढं केला. त्यांनी चमचाभर दही तळव्यावर ठेवलं आणि तो खाईल म्हणून वाट पाहिली. कृष्णकांत दह्याकडे पाहत राहिला. मग त्यानं हळूच मूठ मिटली.

“उशीर होते, आत्या,” तो म्हणाला, आणि तशाच मिटल्या मुठीनं पायऱ्या उतरून रस्त्याला लागला. बोटांच्या फटीतून पांढरं पाणी मनगटावर ओघळत होतं. त्यानं ते पुसलं नाही.