पाटीपुऱ्यात माझा चहा

आमची दीपमाला तोंडावर खोटं बोलते, हीच माझी तक्रार. यवतमाळच्या कॉलेजनं पोरांना शहरातले मोहल्ले फिरून लिहायला लावलं, तर ही बया दर शनिवारी आर्णीला घरी येऊन सांगते, “माय, मी जिथं जाते तिथं लोक म्हणतात, तुही माय आत्ताच चहा पिऊन गेली.”

मी कशी जाईन? कापसाला भाव नाही म्हणून सारा कापूस घरातच भरलाय. दिवाळीपासून मी त्याच्या राखणीला बसलेली.

“त्या बाईच्या पदराले कापूस चिकटला असते म्हणे,” दीपमाला म्हणाली.

“उद्या मी संग येते. खोटं निघालं तं कॉलेज बंद!”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी यवतमाळच्या पाटीपुऱ्यात पहिल्याच दारात एक बाई भांडी घासत होती. मला पाहून तिच्या हातून चहाचा गंज खणकन खाली पडला.

“तुम्ही तं आत बसल्या होत्या. बाहेर कवा आल्या?”

तेवढ्यात आतून माझाच आवाज आला. “चहात साखर टाकाले हात आखडला काय वं?”

चहा फिकाच असणार. त्या बाबतीत माझी चूक होत नाही.

मग तो आवाज मऊ झाला. “दीपा, ये वं पोरी, आत ये.”

इतक्या मायेनं मी तिला कधी हाक मारली नव्हती. दीपमालानं चपला काढल्या.

मी तिचं मनगट धरलं. “कॉलेज तुहं चालू राहीन. पण चपला घाल. ती माह्यासारखी असन, तं एकदा धरलेलं माणूस सोडत नाही.”