घरातल्या सशाची लस

"पण तो घराबाहेर जातच नाही, डॉक्टरसाहेब," ममता म्हणाली. "मंग त्याले लस कायले लागते?"

बाभुळगावातल्या जनावरांच्या डॉक्टरने हातमोजे काढले. "रोग घरात येतो ना, ताई. चपलेला चिकटून येतो, चाऱ्यातून येतो. माशा आणतात."

"द्या मंग लस."

"ती इकडे मिळत नाही. जपा, एवढंच. धावजीच्या शेडमधल्या सशांचं ऐकलं ना? सकाळी खात होते, संध्याकाळी एकही उरला नाही. तिथली काडीसुद्धा घरात येऊ देऊ नका."

"लय तळमळतात का हो?"

"तेवढा वेळच मिळत नाही त्यांना."

ममताने पिशवी उचलली. मग निघाली.

*

घर. खिडक्यांना दुहेरी जाळी. उंबऱ्याबाहेर फिनेलमध्ये भिजवलेलं पोतं.

"चपला बाहेर!" तिचा नवरा, धम्मदीप, आतून ओरडला. मांडीवर ससा, कानाला फोन. नागपूरचं औषधाचं दुकान. "नाही? मुंबईहून मागवता येईल? बर्फात घालून? मी सोता येतो न घ्यायले."

शेजारची कांताबाई दारातूनच हसली. "आधार कार्डबी काढून टाक त्याचं, धम्मदीप." मग हळूच, "पोरीसाठी एवढा..."

वाक्य तिने गिळलं. गेली.

ससा प्रेरणाचा.

प्रेरणा भिंतीवर. फोटोत, शाळेच्या ड्रेसमध्ये.

कुत्रं चावलं तेव्हा पहिल्या सुया दिल्या होत्या. पुढच्या सुईच्या वेळी ममता आजारी आईजवळ, वणीला. तिने फोनवर आठवण करून दिली. धम्मदीप म्हणाला होता, "जखम भरली न. आता कायले रडवायचं पोरीले?"

मग एक दिवस पाण्याचा पेला पाहून पोरगी किंचाळली.

पोरीच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं पांगली आणि तो सशापाशी जाऊन बसला. तेव्हापासून बसलेलाच.

"याले मी काही होऊ देणार नाही," तो आता म्हणाला. सशाच्या पाठीवरून त्याचा हात फिरत होता. "याच्यात आहे माही प्रेरणा. हा आहे म्हणून मले झोप येते, ममता."

"हो," ती म्हणाली. "तुम्हाले येते."

*

दुसऱ्या दिवशी बाजाराला जाते म्हणून ती गेली. आली ती लसूणघासाची पेंढी घेऊन.

"कुठचा?"

"बसंतीबाईच्या परसातला."

"धुतला?"

"मिठाच्या पाण्यात."

ससा नाक उडवत पुढे आला. तिने पेंढी नवऱ्याच्या हातात दिली. "तुम्हीच चारा. तुमच्याच हातचं खाते तो."

त्याने एकेक काडी चारली. कुरकुर आवाज येत राहिला. किती तरी दिवसांनी धम्मदीप हसला. "पाय, कसा खाऊन राह्यला!"

ममता समोर बसून पाहत होती.

ती पेंढी उचलत होती तेव्हा धावजी तिला एवढंच म्हणाला होता, "वहिनी, हा कायले नेता? शेडमधला आहे, जाळाले काढला मी."