दुसरे अहो

"अहो, जरा मोठ्यानं वाचा की."

रामदासांनी लगेच पेपर उचलला, घसा खाकरला. ओट्यापाशी उभी असलेली द्वारका वळलीसुद्धा नाही.

"तुम्हाला नाही म्हटलं," ती म्हणाली आणि चष्म्याच्या काडीवरून तिनं बोट पुढे सरकवलं.

झालं! शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आता दोन-दोन अहो नांदायला लागले होते.

चष्मा आणला त्यांच्या मुलानं, चेतननं. काडीवर टिचकी मारली की फोन घेतो, बोट फिरवलं की आवाज वाढवतो, हाक मारली की हुकूम ऐकतो. हाक आपल्या आवडीची ठेवता येते म्हणे. बाईसाहेबांनी ठेवली 'अहो'.

"आयुष्यभर तेच तोंडात बसलंय. दुसरं काय आठवणार?"

रामदासांचा तिळपापड झाला. नवऱ्याचा हक्काचा शब्द, आणि दिला कुणाला, तर नाकावरच्या काचेला! मंडईत तर कहरच. "अहो, मेथी ताजी आहे का हो?" पिशवी धरून शेजारी उभ्या नवऱ्याला नाही, चष्म्याला! वर कानातलं उत्तर ऐकून गालातल्या गालात हसायचं.

शेवटी, निदान आता तरी बायकोचं लक्ष जाईल म्हणून, त्यांनी मिशी उतरवली. तरुणपणापासून जपलेली. शेजारचे संतोषराव जिन्यात थबकून बघतच राहिले. द्वारकानं चहा ठेवला. "साखर बेताची घातलीय," एवढंच म्हणाली.

रामदास कडाडले, "या घरात तो चष्मा राहील, नाहीतर मी! काय ते ठरव. तोवर मी तोंड उघडणार नाही."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "हवं तेवढं रागवा, ओरडा. पण अबोला नका हो धरू."

म्हणजे वर्मी लागलं तर! रामदासांना बरं वाटलं. त्यांनी अबोला धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खिडकीपाशी खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. खोलीभर लख्ख ऊन. द्वारका आतून आली आणि थेट त्यांच्यासमोर थांबली. आली शरण, त्यांना वाटलं. आता चष्मा काढून ठेवणार. ते श्वास रोखून बघत राहिले.

तिनं काडीवर बोट टेकवलं.

"अहो," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "हे घरात आहेत का? बघून सांगा ना."

खोली इतकी शांत होती की काडीतली कुजबुज रामदासांनाही ऐकू आली.

"समोरच बसलेत. हात पुढे केलात तर लागतील."