सोमवारी वह्या जाणार होत्या

मुलाचे नाव

"नाव सांगा, म्हंजे शोधायला सोपं जाईल," सूर्यभान म्हणाला.

नाव नंतर सांगते, सुकन्या म्हणाली. आधी अशा नोंदी त्या काळी कशा करायचे तेवढं दाखवा. आमच्या घरातलं एक मूल आहे, लग्नाआधीचं.

सूर्यभानला नवल वाटलं नाही. पुण्या-नाशिकहून माणसं यायची, पणजोबाचा बाप नाहीतर आजीची आई शोधत, आणि पहिल्या दिवशी सगळीच अशी आडून बोलायची. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून राहुरीजवळच्या या चर्चच्या किल्ल्या आणि बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या त्याच्याकडे होत्या. आता त्या वह्या धर्मप्रांताच्या कचेरीत जायच्या होत्या. सोमवारी गाडी येणार होती. तिथं त्या नीट राहतील, असं फादर म्हणाले. राहतीलच. पण मग रोज संध्याकाळी त्या उघडून बसता येणार नव्हतं, आणि त्याचं स्वतःचं एक काम त्यांच्यात अजून अडकून पडलं होतं.

बाहेर चिंचेखाली गाडीत सुकन्याची आजी बसली होती. गुडघे धरलेत, पायऱ्या चढवत नाहीत. पण आजोबा गेले तेव्हापासून घरात तिचा पाय ठरत नाही, सुकन्या म्हणाली. सूर्यभानने चहा केला आणि एक कप बाहेर नेऊन दिला.

"जेवलात का, मावशी?"

म्हातारीने कप दोन्ही हातांत धरला. जेवले म्हणाली. मग त्याच्याकडे बघत, "आन् तू?"

तो हसला. त्याला लहानाचं मोठं करणारी बनुबाई गेल्यापासून त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

बापाचे नाव

इथं रेघ मारायचे, त्याने दाखवलं. पण बापापुढे रेघ दिसली म्हणून खचायचं नाही. तेच मूल मोठं होऊन लग्नाला उभं राहिलं की लग्नाच्या वहीसाठी पुन्हा बापाचं नाव विचारत, आणि तिथं कुणीतरी खरं बोलून जायचं. अशानेच त्याने संगमनेरच्या एका वकिलाला पणजीचा बाप शोधून दिला होता. वकिलाची समजूत, कुणीतरी गोरा साहेब निघेल. निघाला बैलांना नाल मारणारा.

"पेढे मात्र दिले त्यांनी," सूर्यभान म्हणाला. "जरा कमीच दिले."

सुकन्या हसली. तिने काहीच लिहून घेतलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. कुठलं साल, तेही ती सांगत नव्हती.

आईचे नाव

शनिवारी ती पुन्हा आली. गाडीत आजी होतीच. आईच्या रकान्यातही रेघ असेल तर काय करायचं, असं तिने विचारलं.

सूर्यभान उठला. कपाटातून त्याने एक वही काढली. टेबलावर ठेवताच ती आपोआप एका पानावर उघडली. मुलाचे नाव, सूर्यभान. बापापुढे रेघ. आईपुढे रेघ.

"असं असलं, तर मग हे असं," तो म्हणाला.

मिशनच्या दवाखान्यात जन्मलेलं मूल. मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी आणि त्यांच्या बायकोने, बनुबाईने, वाढवलं. काही म्हणजे काही कमी केलं नाही. जाताना बनुबाई एवढंच म्हणाली, तुझी आई हलकी बाई नव्हती. दवाखान्यातल्या आया, धुणं धुणाऱ्या बाया, दुष्काळात आलेली घरं, त्या सालातलं एकेका बाईचं नाव त्याने धुंडाळलं होतं. कुणाच्याच नावावर त्याचं मन ठरलं नाही.

सुकन्याचं बोट त्या ओळीवर पुढे सरकलं. "आणि ही दगडाबाई?"

"ती धर्ममाता. मिशनच्या बोर्डिंगमधली कुणीतरी. मागं कुणी नसलेलं मूल असलं की सिस्टर शिवणवर्गातली एखादी मोठी मुलगी उभी करायच्या. मुलाला हातात घ्यायचं, फादर विचारतील त्याला व्हय म्हणायचं, झालं. तो रकाना सोडायचा असतो."

सुकन्याने त्या ओळीवरचं बोट उचललं नाही. मग तिने विचारलं, "आई सापडली, तर राग येईल तुम्हाला?"

रागाचं वय गेलं, तो म्हणाला. शाळेत असताना यायचा. मास्तरांच्या घरात भरल्या ताटावरसुद्धा यायचा. त्याने वहीवरून तळहात फिरवला.

"आता एवढंच वाटतं, तिनं मला एकदा तरी हातात घेतलं का, तेवढं विचारावं. घेतलं नसलं तरी चालंल. पर विचारावं."

सुकन्या उठली आणि बाहेर गेली.

शेरा

ती परतली तेव्हा आजी तिच्या खांद्याला धरून पायऱ्या चढत होती. सूर्यभान धावला. कशाला त्रास घेतला, मी आलो असतो की बाहेर, म्हणाला. म्हातारी थांबली नाही. वह्या होत्या त्या खोलीकडे ती वळलीसुद्धा नाही. चर्चमध्ये शिरून ती सरळ बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापाशी गेली आणि त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली. नवखं माणूस तिथं उभं राहत नाही. तिने पदर सारखा केला आणि डावा हात कोपरात वाकवून छातीशी धरला.

सूर्यभान बघत राहिला. आजही बाप्तिस्म्याला बायका तिथंच उभ्या राहतात, तशाच.

"तुमी हितल्या बोर्डिंगात होता, मावशी?"

"व्हय. शिवणाच्या वर्गाला." ती दम घ्यायला थांबली. "दगडाबाई माझं नाव."

सूर्यभानने कुंडाचा काठ धरला. त्या दिवशी इथं हजर असलेलं माणूस. जिवंत. आणि तो रकाना तो जन्मभर सोडत आला होता. वह्या सोमवारी जाईनात का आता.

"म्हंजे माझी धर्ममाता तुमी," तो म्हणाला. "मग तुमाला ठावं असंल. तुमी मला घेऊन हितं उभ्या होता, तवा माझी आई कुठं हुती?"

म्हातारीने वाकवलेला हात खाली घेतला नाही.

"हितंच हुती," ती म्हणाली. "तुला धरून."