मॅट लाल

मला मोटारसायकलची टाकी मॅट हवी होती, बाबांना चकचकीत. पेंटरच्या दुकानात मी इतका भडकलो की शेवटी बाबाच म्हणाले, "बरं राजे, मॅट तर मॅट. हा लाल मारा." आणि त्यांनी शेडकार्डातल्या हिरव्यावर बोट ठेवलं. "हिरवा आहे तो. डोळे फुटले का तुमचे?" मी खेकसलो. पेंटर हसला. "काका, सिग्नलला काय करता मग?" बाबा बस चालवतात. मागच्या बाकावर त्यांच्या डेपोचे साहेब आपल्या मडगार्डसाठी थांबले होते. त्यांनी मोबाईल खिशात टाकला. "पोराची चेष्टा केली हो," बाबा म्हणाले. बाजारात टोमॅटो पिकलेत का, असं बाबा दरवेळी मलाच का विचारतात ते मला तेव्हा कळलं. साहेबांनी शेडकार्ड बाबांसमोर धरलं. "मग यातला लाल दाखवा." बाबांनी कार्डाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. मला त्यांच्याकडे बघवेना.